जळगावच्या उन्हात एक्स्टेन्शन बोर्ड का वितळतो? ६ आणि १६ अँपिअरचं गणित सोप्या शब्दांत

एप्रिल लागला की खान्देशातल्या घराघरात माळ्यावरचा कुलर खाली उतरतो. जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं जातं, गळणारी टाकी बुजवली जाते, पंप फिरतो का ते पाहिलं जातं. मग एक अडचण येते. कुलर ठेवायचा खिडकीत आणि सॉकेट असतं समोरच्या भिंतीला. उपाय ठरलेला असतो. दिवाळीत लायटिंगसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड शोधायचा आणि जोडून टाकायचा.

कुलर एकटा असता तर विषय तिथेच संपला असता. पण बोर्डाला चार भोकं असतात आणि घरात सॉकेट कमी असतात. हळूहळू त्याच बोर्डात फ्रीज येतो, मोबाईलचे दोन चार्जर येतात, सकाळी इस्त्री येते. सिलिंडर संपला त्या दिवशी इंडक्शनची शेगडीही येते.

एखाद्या दुपारी प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. बोर्डाचं एक भोक तपकिरी पडलेलं असतं, पिन काढायला गेलं तर ती चिकटलेली असते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "एमसीबी तर पडली नाही, म्हणजे फार काही नाही." बोर्ड फेकला जातो आणि तसाच दुसरा आणला जातो. यावेळी फक्त पाकिटावर 'हेवी ड्यूटी' लिहिलंय ना, हे बघून.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एमसीबी पडली नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. आणि 'हेवी ड्यूटी' हे शब्द म्हणजे रेटिंग नसतं. त्यात जळगाव-धुळ्याच्या उन्हाची भर पडली की हे गणित आणखी बिघडतं. कसं, ते पाहू.

प्लगवरचा आकडा काय सांगतो?

कोणताही प्लग उलटा करून पाहिला तर त्यावर '६ अँपिअर, २५० व्होल्ट' किंवा '१६ अँपिअर, २५० व्होल्ट' असं बारीक अक्षरांत कोरलेलं दिसतं. भारतात घरगुती प्लग आणि सॉकेट यांच्यासाठी आयएस १२९३ नावाचं मानक आहे आणि हे दोन आकार त्यातलेच. जुनी मंडळी आणि वायरमन अजूनही त्यांना '५ अँपिअर' आणि '१५ अँपिअर' म्हणतात. मोठ्या सॉकेटला 'पॉवर पॉइंट' म्हणायचीही पद्धत आहे.

अँपिअर म्हणजे वायरीतून किती करंट वाहतो त्याचं माप. घरात वीज साधारण २३० व्होल्टने येते. त्यामुळे हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागलं की ते किती अँपिअर ओढतं ते कळतं.

उलट बाजूने पाहिलं तर ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १,३८० वॅट घेता येतात आणि १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३,६८० वॅट.

आता घरातली नेहमीची उपकरणं घेऊ. आकडे साधारण आहेत. नेमका आकडा प्रत्येक उपकरणाच्या मागे चिकटवलेल्या लेबलवर असतो.

- कुलर (२०० वॅट): १ अँपिअरपेक्षा थोडं कमी
- मिक्सर (७५० वॅट): ३.३ अँपिअर
- इस्त्री (१,००० वॅट): ४.३ अँपिअर
- पाणी तापवायचा रॉड (१,५०० वॅट): ६.५ अँपिअर
- इंडक्शन शेगडी (२,००० वॅट): ८.७ अँपिअर
- साठवणीचा गिझर (२,००० वॅट): ८.७ अँपिअर
- झटपट पाणी देणारा गिझर (३,००० वॅट): १३ अँपिअर

या यादीत दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक म्हणजे, १,५०० वॅटचा रॉड एकटाच लावला तरी तो ६ अँपिअरची मर्यादा ओलांडतो. दुसरी म्हणजे, बोर्डाला चार भोकं आहेत म्हणून प्रत्येक भोकातून ६ अँपिअर मिळतात, असं होत नाही. चारही भोकांचा करंट शेवटी एकाच वायरीतून आणि भिंतीत खोचलेल्या एकाच पिनेतून जातो. मर्यादा सगळ्यांची मिळून असते.

मोठी पिन छोट्या भोकात जात नाही, ते मुद्दाम केलंय

आपल्याकडची गोल पिनांची पद्धत ब्रिटिशांकडून आली. तिथल्या जुन्या बीएस ५४६ या मानकात ५ आणि १५ अँपिअरचे वेगवेगळ्या जाडीचे प्लग होते. ब्रिटनने १९४७ साली चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला आणि त्याच्या आतच एक फ्यूज बसवला. वायर झेपणार नाही इतका करंट वाहू लागला की आधी प्लगमधला फ्यूज उडतो. भारताने मात्र गोल पिनाच ठेवल्या.

आपल्या प्लगमध्ये असा फ्यूज नसतो. मग सुरक्षा कुठे आहे? तर पिनेच्या जाडीत. छोट्या प्लगच्या करंट वाहणाऱ्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, मोठ्या प्लगच्या साधारण ७ मिलिमीटरच्या. जास्त वीज खाणाऱ्या उपकरणाला कंपनी मोठा प्लग लावते. तो छोट्या सॉकेटमध्ये जातच नाही. माणूस विसरला तरी प्लग स्वतःच 'इथे नाही' म्हणून सांगतो.

आणि नेमकी हीच सुरक्षा वीस-पंचवीस रुपयांच्या कन्व्हर्टरने निघून जाते. एका बाजूला छोट्या पिना, दुसऱ्या बाजूला मोठी भोकं. गिझरचा किंवा इंडक्शनचा मोठा प्लग त्यात बसतो आणि कन्व्हर्टर ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. पिन बसली, शेगडी चालू झाली, काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ६ अँपिअरसाठी बनलेल्या सॉकेटमधून ८.७ अँपिअर वाहत असतात.

उष्णतेचा नियम इथे आणखी जाचक आहे. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट ६ वरून ९ वर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर उष्णता दीडपट नाही, सव्वादोन पट होते.

कच्चा दुवा: बोर्ड आणि प्लग यांच्यामधली वायर

भिंतीतलं सॉकेट, प्लग, वायर, बोर्डाच्या आतल्या पत्र्या, उपकरणाची पिन, अशी ही साखळी असते. साखळीची ताकद तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या दुव्याइतकीच असते. स्वस्तातल्या बोर्डात बहुतेक वेळा वायर हाच तो दुवा असतो. बोर्डावर १६ अँपिअरचं भलंमोठं सॉकेट दिसतं आणि त्याच्या पोटातून निघालेली वायर मात्र चार्जरच्या वायरीपेक्षा थोडीच जाड असते.

वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. दुकानात त्याला नुसतं 'एमएम' म्हणतात. पाऊण एमएम, एक एमएम, दीड एमएम, अडीच एमएम. तांब्याच्या लवचिक वायरीला साधारण किती करंट झेपतो ते असं:

- ०.५ एमएम: ४ अँपिअर
- ०.७५ एमएम: ७ अँपिअर
- १ एमएम: ११ अँपिअर
- १.५ एमएम: १४ अँपिअर
- २.५ एमएम: १९ ते २० अँपिअर

म्हणजे खरोखर १६ अँपिअर चालवायचे असतील तर अडीच एमएमची वायर लागते. 'हेवी ड्यूटी' लिहिलेल्या बोर्डाची वायर पाऊण एमएमची असेल, तर तो बोर्ड ७ अँपिअरचाच. सॉकेट कितीही मोठं असो.

वायर वरून जाड दिसली म्हणून आत तांबं जास्त असेलच असं नाही. बाहेरचं रबरासारखं आवरण जाड ठेवून आत तांब्याच्या चार तारा घालणं सोपं असतं. काही वायरींमध्ये तर तांबंही नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. ॲल्युमिनियम हे तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच जाडीची अशी वायर जास्त तापते. तारेवर ब्लेडने हलकं खरवडलं आणि आत पांढरं चमकलं, की समजायचं.

मग ४५ अंशांत काय बदलतं?

वायरीवरच्या पीव्हीसीच्या आवरणाला एक मर्यादा असते. साधारण पीव्हीसीसाठी ती ७० अंश सेल्सियस आहे. त्याच्या वर सतत तापत राहिलं तर आवरण मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं आणि शेवटी आतल्या तारा उघड्या पडतात.

वायरीला किती अँपिअर झेपतील हे ठरवताना भोवतालची हवा किती गरम आहे, हे गृहीत धरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये ते ३० अंश धरतात. हवा ३० अंश असेल तर वायरीला स्वतः तापायला ४० अंशांची सवलत मिळते, कारण ३० आणि ४० मिळून ७०.

आता मे महिन्यातलं जळगाव किंवा भुसावळ डोळ्यांसमोर आणा. पारा ४४-४५ वर जाणं तिथे नवं नाही. ४५ अंशांत वायरीची सवलत ४० वरून २५ वर येते. त्यामुळे ३० अंशांत १० अँपिअर सहज नेणारी वायर ४५ अंशांत ७.९ अँपिअरचीच उरते. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा कुलरच्या मागे खिडकीबाहेर हवा ५० अंशांवर गेली तर ७.१ अँपिअर. म्हणजे जवळपास ३० टक्के क्षमता नुसत्या उन्हाने खाल्ली.

भारतात अनेक वायर कंपन्या आपले आकडे ४० अंश धरून देतात. तरी खान्देशच्या मे महिन्याला ते पुरत नाही. वर दिलेल्या यादीतले आकडे उन्हाळ्यात शेवटच्या टोकापर्यंत वापरू नयेत, ते यामुळेच.

यात विचित्र योगायोग असा की, वायरीची ताकद सगळ्यात कमी असते त्याच महिन्यांत तिच्यावरचा भार सगळ्यात जास्त असतो. कुलर, पंखे, फ्रीज आणि एसी एकाच वेळी चालतात. संध्याकाळी सगळ्या गल्लीचा भार वाढून व्होल्टेज पडलं, तर फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरसारख्या मोटरी तेवढंच काम करायला आणखी करंट ओढतात. महाबळेश्वरात वर्षानुवर्षं चाललेला बोर्ड जळगावात एका मोसमात वितळला, तर दोष नशिबाचा नाही.

वेटोळं आणि सैल पिन

२५ मीटरची पाऊण एमएमची वायर आहे आणि तिच्यावर २,००० वॅटची शेगडी लावली, असं धरू. करंट जाताना २५ मीटर आणि येताना २५ मीटर, असा ५० मीटर प्रवास करतो. एवढ्या वायरीचा रोध साधारण १.३ ओहम होतो. हिशेब केला तर त्या वायरीतच जवळपास १०० वॅट उष्णता तयार होते.

वायर अंगणात सरळ पसरलेली असेल तर ही उष्णता २५ मीटरभर विखुरते आणि हवेत निघून जाते. पण आपण काय करतो? जास्तीची वायर छान गोल गुंडाळतो, रबर लावतो आणि पलंगाखाली सरकवतो. मग ते १०० वॅट एका हातभर वेटोळ्यात कोंडतात. चादरीत गुंडाळलेला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जसा, तसं ते वेटोळं. अडीच एमएमची वायर असती तर हीच उष्णता ३० वॅटच्या आसपास राहिली असती.

सैल पिन हा दुसरा छुपा शत्रू. कोणतीही पिन बसेल असं भोक असलेले बोर्ड बाजारात भरपूर मिळतात. पण जे भोक सगळ्यांना बसतं, ते कुणालाच घट्ट धरत नाही. आतली पत्री पिनेला जेमतेम टेकते. तिथे नुसता ०.३ ओहमचा रोध तयार झाला, तरी ८.७ अँपिअरला त्या एका बिंदूवर २३ वॅट उष्णता निघते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग गन पाहिली असेल. ती साधारण २५ वॅटची असते आणि धातू वितळवते.

भोक तपकिरी का पडतं, पिन का चिकटते, याचं उत्तर हे आहे. बातमीत अनेकदा 'शॉर्ट सर्किटमुळे आग' एवढंच येतं. पण शॉर्ट सर्किट बऱ्याचदा सगळ्यात शेवटी होतं. त्याआधी काही तास, काही दिवस, कधी काही महिने एखादा सांधा गुपचूप तापत असतो.

एमसीबी का पडत नाही?

कारण एमसीबी भिंतीच्या आतल्या वायरिंगच्या संरक्षणासाठी बसवलेली असते, तुमच्या एक्स्टेन्शनच्या वायरीसाठी नाही. तिला बाहेर कोणती वायर जोडली आहे हे कळायला मार्ग नसतो.

समजा सॉकेटच्या मागे १६ अँपिअरची एमसीबी आहे. १६ च्या वर करंट गेला की ती लगेच पडते, असा बहुतेकांचा समज असतो. मानकाप्रमाणे तसं नसतं. साधारण १८ अँपिअरपर्यंत तिने तासभर तरी पडायचं नसतं. आणि २३ अँपिअर वाहू लागले तरी तिला पडायला एक तासापर्यंत वेळ असतो. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, त्या प्रत्येक वेळी घर अंधारात जाऊ नये म्हणून ही सूट असते.

आता या एमसीबीच्या पुढे ७ अँपिअर झेपणारी वायर लावा आणि तिच्यावर शेगडी, इस्त्री मिळून १३ अँपिअर टाका. वायर जवळपास दुप्पट करंट वाहते आहे. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. सैल पिनेच्या बाबतीत तर करंट वाढतही नाही, फक्त एक बिंदू तापतो. तो एमसीबीला कधीच दिसत नाही.

काही बोर्डांना एक छोटं बटण असतं, भार वाढला की ते उडी मारून बाहेर येतं. ते कामाचं आहे, कारण ते बोर्डाच्या क्षमतेप्रमाणे बसवलेलं असतं. 'स्पाईक गार्ड'चं काम मात्र वेगळं. अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून टीव्ही-कॉम्प्युटर वाचवणं, एवढंच. त्याने वायरीची ताकद वाढत नाही.

कुलरचा धोका वेगळा आहे

कुलर जेमतेम १ अँपिअर ओढतो. मग उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं का दगावतात?

तिथे प्रश्न भाराचा नसतो, अर्थिंगचा असतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाची किंवा मोटरची वायर आत कुठे सोलली गेली की पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग असेल तर तो करंट तिसऱ्या वायरीतून जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो वाट बघत थांबतो. पहिला हात लावणारा माणूस त्याची वाट बनतो, आणि टाकीत पाणी टाकायला बहुतेक वेळा घरातली बाई किंवा पोरगंच पुढे होतं.

तीन पिनांच्या प्लगमधली सगळ्यात वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. ती पिन तोडून किंवा दोन पिनांचा प्लग लावून कुलर चालवणं म्हणजे एवढी विचारपूर्वक केलेली सोय फेकून देणं.

एक्स्टेन्शन बोर्डात आणखी एक फसवणूक असते. बोर्डाला तीन भोकं असतात, प्लगला तीन पिना असतात, पण मधल्या वायरीत ताराच दोन असतात. अर्थिंगचं भोक नुसतं नावाला. म्हणून बोर्ड घेताना वायर तीन पदरी आहे का हे विचारावंच लागतं. आतल्या तीन तारांचे रंग पूर्वी लाल, काळा आणि हिरवा असत. आता तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असे येतात. हिरवा नसेल तर तो बोर्ड कुलर, फ्रीज, वॉशिंग मशीन यांच्यासाठी नाही.

इथेही एमसीबी वाचवत नाही. ती अँपिअरमध्ये विचार करते आणि माणसाचा जीव मिलिअँपिअरमध्ये जातो. १ अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर. काही दहा मिलिअँपिअर शरीरातून गेले तरी हृदय बंद पडू शकतं. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण असतं. जितका करंट गेला तितका परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते क्षणार्धात वीज तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचंच घ्यायचं. त्यावर 'टेस्ट' बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

उन्हाळ्यात अर्थिंगही सुकतं

घराच्या मागे जमिनीत गाडलेली अर्थिंगची पट्टी किंवा नळी ओल्या मातीतच नीट काम करते. तापी-गिरणा खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण मे महिन्यात तिला हातभर भेगा पडतात. माती सुकली की ती करंट नीट घेत नाही. अर्थिंग कागदावर असतं, प्रत्यक्षात निम्मं निकामी झालेलं असतं.

म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायला सांगतात. हा सल्ला आजही खरा आहे. कुलर बसवायच्या आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग एकदा तपासून घेतलं तर त्याहून चांगलं. मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते, तिथे महावितरणचा माणूस आपणहून तपासायला येत नाही.

मांडव, मळा आणि इलेक्ट्रिक स्कूटर

श्रावणातली कानबाई असो, गणपती असो की हिवाळ्यात मळ्यात रंगणारी भरीत पार्टी, लांबून वीज ओढणं आलंच. घरातला बोर्ड उघड्यावर वापरण्यासाठी बनलेला नसतो. दव, पाणी, पायाखाली येणारी वायर आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड, यांतून अपघात होतात. बाहेरच्या कामासाठी झाकण असलेले निळे गोल इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट मिळतात. जोड द्यायचाच असेल तर तो जमिनीपासून उंच आणि कोरडा ठेवायचा.

इलेक्ट्रिक स्कूटरचा प्रश्न नवा आहे. चार्जर ७००-८०० वॅटचा, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. आकडा लहान वाटतो. पण तो चार-पाच तास सलग चालतो, बऱ्याचदा रात्री, सगळे झोपलेले असताना. खिडकीतून खाली सोडलेल्या बारीक वायरीचा एक सैल सांधा तापायला एवढा वेळ पुष्कळ होतो. पार्किंगमध्ये स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट काढून घेणं हाच सरळ मार्ग.

बोर्ड विकत घेताना काय बघाल?

- पाकिटावरचं नाव नाही, बोर्डावर आणि वायरीवर छापलेला आकडा वाचा. अँपिअर, वॅट आणि वायरीची जाडी तिन्ही लिहिलेलं हवं.
- वायरीवर ठरावीक अंतराने मजकूर छापलेला असतो. त्यात आयएसआय चिन्ह, जाडी आणि आयएस ६९४ हे वायरींचं मानक दिसायला हवं.
- आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो.
- हलक्या कामासाठी (टीव्ही, चार्जर, दिवे) किमान १ एमएम तीन पदरी वायर. कुलर-फ्रीजसाठी दीड एमएम.
- गिझर, एसी, इंडक्शन, ओव्हन, रॉड यांच्यासाठी बोर्ड शोधूच नका. त्यांना भिंतीतलं १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं. अडचणीच्या वेळी अडीच एमएमचा, १६ अँपिअरचा, एकाच सॉकेटचा बोर्ड.
- पिन आत घालून पाहा. ती घट्ट बसली पाहिजे, हलवली तर डुलता कामा नये.
- गरजेपेक्षा लांब वायर घेऊ नका. तीन मीटरचं काम असेल तर दहा मीटरची वायर म्हणजे उरलेल्या सात मीटरचं वेटोळं.

आज घरात दहा मिनिटांत होणारी तपासणी

घरातला प्रत्येक बोर्ड उचला. त्याला लावलेल्या उपकरणांचे वॅट मोजा, बेरीज करा, २३० ने भागा. आलेला आकडा बोर्डावरच्या किंवा वायरीच्या मर्यादेच्या दोनतृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर उन्हाळ्याआधी एखादं उपकरण दुसरीकडे हलवा.

मग बोर्ड अर्धा तास चालू देऊन बंद करा, प्लग काढा आणि पिनांना हात लावून पाहा. कोमट असतील तर लक्ष ठेवा. चटका बसत असेल तर तो बोर्ड आणि ते सॉकेट, दोन्ही बदला. तपकिरी डाग, करकर आवाज, माशासारखा किंवा जळका वास, ही सगळी शेवटची सूचना समजा.

एका बोर्डात दुसरा बोर्ड लावला असेल तर काढा. गादी, गालिचा, पायपुसणं यांच्याखालून गेलेली वायर बाहेर काढा. कुलरमध्ये पाणी टाकण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढून ठेवा. वायरिंग उलटसुलट झालेलं असेल तर बटण बंद असूनही आत करंट असू शकतो. आणि बोर्ड कुलरच्या खाली किंवा जमिनीवर नको, भिंतीला टांगलेला हवा, म्हणजे गळलेलं पाणी त्यात जाणार नाही.

शॉक लागला किंवा आग लागली तर?

शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला बाजूला करायचं, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. माणूस शुद्धीत असला, बोलत असला तरी डॉक्टरकडे नेणं गरजेचं, कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम झालेला असू शकतो.

बोर्डाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. मेन बंद करायचं, मग कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीसाठीचं अग्निशामक वापरायचं. आग भिंतीला किंवा पडद्याला लागली असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे महावितरणच्या जळगाव परिमंडळात येतात. खांबावरची तार तुटली, मीटरजवळ ठिणग्या उडाल्या तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर कळवता येतं.

खान्देशात मे महिन्यात कुलर ही चैन नाही, गरज आहे. तो बंद ठेवा असं कुणी सांगणार नाही. पण यंदा तो माळ्यावरून उतरवताना सोबत दिवाळीचा बोर्ड शोधायच्या आधी त्याची वायर उलटीसुलटी करून एकदा वाचा. त्यावर काहीच छापलेलं नसेल, तर उत्तर मिळालंच आहे.